तन्वीच्या उवा

शिकलेल्या माणसाची अक्कल कधी शेण खायला जाईल, काही सांगता येत नाही. विद्यानगरातल्या मेधाचंच बघा ना! माणसाच्या अंगावर जगणाऱ्या जीवांचा इतिहास ती विद्यापीठात शिकवायची. माणूस कपडे घालायला लागला, तशी डोक्यातल्या उवांची एक शाखा कपड्यांत राहायला गेली, हे अगदी रंगवून सांगायची. "पोटातल्या पट्टकृमीवरून आपण उगाच गाईडुकरांना नावं ठेवतो," म्हणायची. "शिकारीच्या दिवसांपासून तो आपल्याच पोटात होता. जनावरं पाळली आणि त्यांच्या गळ्यात मारला!" पोरं हसायची.

तिची लेक तन्वी शाळा सुटली की वरच्या मजल्यावर, नांदेडकडच्या सरुबाईंकडे जायची. सरुबाई तिला जेवू घालायच्या, नातीच्या, राणीच्या शेजारी बसवून तेल लावून वेणी घालायच्या. मेधाला कसला घोर नव्हता.

एका रविवारी तन्वीच्या डोक्यात उवा दिसल्या. राणीचे केस नुकतेच बारीक कापले होते, ते मेधाने पाहिलं होतं. म्हणजे उवा तिथूनच आल्या, झालं! बाई तडक जिना चढल्या. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात सरुबाई. "तन्वी यापुढे येणार नाही. तुमच्याकडचं हे असलं आमच्यात चालत नाही."

खाली येऊन मेधा फणी फिरवायला बसली, तर तन्वी रडायलाच लागली. "मम्मा, राणीला माझ्याच लागल्या ना! वरच्या आजी रोज माझ्या काढायच्या. बोलल्या, आईला नक्को सांगू, थकून येते बिचारी, जीवाला लावून घेईल."

हजारो वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय दिलं ते मेधाला कळतं, आणि एका जिन्यातलं कळू नये! पण खरी लाज निराळीच होती. 'तुमच्याकडचं' हा शब्द उवा दिसायच्या आधीपासून आपल्या तोंडात तयार होता, हे तिचं तिला कळलं.

ती पुन्हा वर गेली. मान वर होईना. "चुकलं माझं, सरुबाई. माफ करा मला."

"बस, पोरी," सरुबाई म्हणाल्या. "उवांचं काय, लेकरांच्या डोक्यात व्हतातच. मला राग न्हाई. पण राणी दाराआड हुबी व्हती. तवापासून इचारायलीय, आजी, आपल्याकडचं म्हंजी काय? मला न्हाई सांगवत. तू शिकवतीस लेकरांना, तूच सांग."

राणी येऊन समोर उभी राहिली. मेधाला तिच्याकडे बघवेना.