आडोशाची न्हाणी

"न्हाणीघर?" मी विचारलं.

"हाय की," रंगनाथभाऊ म्हणाले. खोटं बोलताना माणूस निदान नजर तरी चुकवतो. यांनी मिशीवरून हात फिरवला.

अंगणवाडी सांभाळून घरकुलाच्या सर्व्हेसाठी मी उन्हात दारोदार हिंडत होते, आणि नेमके आजच यांच्या मुलाला, करणला, मुलगी द्यायची म्हणून कोपरगावकडचे पाहुणे घर बघायला आलेले. त्यांच्यासमोर गरिबी सांगायची कशी? "पक्कं घर, न्हाणी, समदं हाय. लिवा, रोहिणीताई." असं लिहिलं की यादीतून नाव गेलं, हे मी त्यांना गेल्याच आठवड्यात बजावलं होतं.

त्यांची बायको बनुबाई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची न्हाणी मला ठाऊक होती. घरामागे चार मेढी आणि भोवती जुनं लुगडं. तीस वर्षं त्या उजाडायच्या आत अंघोळ उरकत आल्या होत्या. घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या म्हशीला गेल्या साली पत्र्याचा गोठा झाला, न्हाणी मात्र राहिली. रंगनाथभाऊ अंगणातल्या दगडावर भर उन्हात निवांत अंघोळ करतात, त्यांना अडचण कसली? गरिबी दोघांची, पण अंधारात उठायचं एकीनंच.

माझं डोकं फिरलं. मी सरळ बनुबाईंनाच विचारलं, "वहिनी, तुम्ही सांगा. आहे का न्हाणीघर?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीच्या आईकडे.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लुगडं बांधलंय."

करणचं लग्न मी मोडलं की काय, या धास्तीनं मी पाहुण्यांकडे पाहिलं.

मुलीची आई उठली आणि घरामागे जाऊन आली. "आमी बी असंच दिस काढले," ती म्हणाली. "माजी पोर न्हाई काढायची. आदी न्हाणी बांधा, मंग तारीख धरू."

"व्हय की," रंगनाथभाऊ लगेच म्हणाले. "त्यात काय आवघड हाय? ताई, न्हाई म्हनून लिवा. घरकुल कवा येईल तवा येईल, न्हाणी दिवाळीआदी बांधतो."

बनुबाईंच्या हातातली बशी घेऊन भाऊंच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. मी फोटो काढायला मागे गेले, तेव्हा बनुबाई लुगड्याची सुटलेली गाठ मेढीला पुन्हा आवळून बांधत होत्या.