एक सात, एक आठ

आमच्या बुटांच्या दुकानात कोणीतरी माझ्या मुळावर उठलंय, याची मला खात्री पटली होती. मी दुकानाचा हिशेब आमच्या ऑनलाइन दुकानाशी जोडून घेतला होता. काउंटरवर बिल फाडलं की तिकडचा माल आपोआप कमी, तिकडे ऑर्डर आली की इथे नोंद. डोक्याला ताप नाही! पण महिना होतो न होतो तोच तक्रारी सुरू. खोक्यात एक बूट सातचा, दुसरा आठचा! आणखी एक तक्रार आली तर ऑनलाइन दुकान बंद, अशी वेबसाइटवाल्यांची तंबीही मिळाली.

"ज्याने कोणी केलंय, त्याला मी दुकानात उभं करणार नाही," नवरा मला आणि नणंदेला म्हणाला. सासरे तेव्हा बाहेर काउंटरवर होते, त्यांच्या कानावर हे गेलं नाही.

आता खोकी कोण भरतं? माझी नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, संसार मोडून माहेरी आलेली, दुकान हाच तिचा आधार. आणि माझ्या जोडणीवर नाक मुरडलं होतं ते तिनेच. "आधी काय अडलं होतं?" म्हणाली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

मी पाळत ठेवली. बाई खोकी भरताना गोदामाचं दार लोटून घ्यायची. एकदा मला बघून तिने एक खोकं पटकन स्टुलाखाली सरकवलं. चेहरा मात्र काय साळसूद!

"ताई, ते दाखवा बघू."

आत एक सात, एक आठ.

"मीच केलं," ती लगेच म्हणाली. "उद्यापासून येत नाही मी. त्याला सांग तसं."

मी भांडायच्या तयारीने गेले होते, आणि ही एवढ्यात कबूल? माझा संशय उलट वाढला. तिला तशीच सोडून मी बाहेर आले.

काउंटरपुढे सासरे एका बाईच्या पायाशी बसले होते. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लहान. त्यांनी सातच्या खोक्यातला एक बूट काढला, आठच्यातला एक काढला, तिच्या पायात घातले. ती खूश होऊन गेली. उरलेले दोन सासऱ्यांनी आठच्या खोक्यात घातले आणि खोकं फळीवर ठेवलं. बिल फाडलं होतं सात नंबरच्या एका जोडीचं.

"बाबा, हे काय?"

"अगं, उलट पायांचं गिऱ्हाईकही येतं की! पूर्वी मी अशा खोक्याला दोरा बांधायचो. आता तुझं यंत्रच सगळं ध्यानात ठेवतं ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "यंत्राला पाय कुठले कळायला, बाबा! दोरा बांधत चला."

मागे नणंद उभी होती. तिने मला बाजूला ओढलं. "माझ्या लक्षात यायच्या आधी काही खोकी निसटली गं. आता मी प्रत्येक उघडून बघते. पण त्याला सांगू नकोस. बाबांना घरी बसवायला तो निमित्तच शोधतोय. दुकान सुटलं तर झुरतील ते."

मला स्वतःचीच लाज वाटली. हिच्यावर मी चोरासारखी नजर ठेवली होती!

दुकान बंद करताना नवऱ्याने विचारलं, "कळलं का कोण ते?"

"मी," म्हणाले. "जोडणी करताना नंबरांची गफलत केली."

"तू?" तो माझ्याकडे रोखून बघत राहिला. त्याचा विश्वास बसत नव्हता. "काय लपवतेयस?"

"काही नाही."

"मग बोललो ते बोललो. उद्यापासून घरी थांब. ताई बघेल सगळं."

ऑनलाइन दुकान मी एकटीने उभं केलं होतं. रडू फुटत होतं, पण मी "बरं" म्हणाले. नणंद काही बोलायला गेली, मी तिचा हात दाबला.

तेवढ्यात सासरे आले. "काय झालं रे?"

"हिने गफलत केली. गिऱ्हाइकं तुटली."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "कामात लक्ष हवं, सूनबाई."