मेट्रनबाईंनी शिरीष तपासायला लावला

मेट्रनबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. ज्या आवाजात त्यांनी हॉस्पिटलातले वॉर्ड सांभाळले, त्याच आवाजात त्या भाजीवाल्याशी बोलत, आणि तो बिचारा नासका टोमॅटो आपणहूनच बाजूला काढून ठेवी. त्यांच्याशी बरोबरीनं भांडायची हिंमत एकाच माणसात होती, ती म्हणजे त्यांची सून.

सूनबाई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि घासकाम. संध्याकाळी मान मोडून आलेली असायची, आणि घराजवळ आलं की खरी परीक्षा सुरू व्हायची. गाडी लावायची कुठे? बागेला एक फेरी, दुसरी फेरी, मग कुणाच्या तरी दारासमोर लावून त्याच्या शिव्या खायच्या. म्हणून बागेच्या मागच्या बाजूला नगरपालिकेची पाटी लागली तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. बागेच्या कडेची झाडांची रांग तोडून तिथं पार्किंग होणार होतं, रस्ता रुंद होणार होता, आणि मागचं फाटक कायमचं बंद होणार होतं. कुणीतरी पार्किंगच्या बाजूनं सह्या गोळा करत होतं. तिनं तिथल्या तिथं सही ठोकली आणि घरी येऊन सांगूनही टाकलं.

मेट्रनबाई चहा गाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सही तुझी, गाडी तुझी. पण पुढच्या फाटकाला पायऱ्या, मागचंही बंद झालं की मास्टरांनी बागेत कसं जायचं, याचा विचार केलास?"

मास्टर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. अपघातात पाय गेल्यापासून चाकांच्या खुर्चीत बसूनच शिवायचे. 

"आत्ता तरी कुठं जातात आई? फाटक अरुंद, त्यात मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी दांडे लावलेत, त्यांतून खुर्ची जातच नाही."

"तेच म्हणते मी. उघडं असून जाता येत नाही, ते आता बंदच करणार. म्हणजे दुखणं बरं करायचं सोडून पेशंटलाच घरी पाठवायचं."

सूनबाईनं कप उचलला आणि चहा चांगला झालाय म्हणून सांगितलं.

गल्लीत रहिवाशांची समिती उभी राहिली. अध्यक्ष झाले विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. माणूस तळमळीचा, पण बोलायला लागला की थांबायचं विसरायचा. त्यांनी झाडांना फलक बांधले, पोरांकडून घोषणा पाठ करून घेतल्या, आणि सगळ्या फलकांवर चित्र एकाच झाडाचं काढलं: मागच्या फाटकाला लागून असलेल्या शिरीषाचं. तो शिरीष म्हणजे बागेचा राजाच. सबंध खेळाच्या जागेवर त्याची सावली पडायची. खरं म्हणजे तोडायच्या रांगेत तो नव्हताच. पण चित्रात तोच शोभून दिसायचा.

समितीनं एक मागणी केली आणि ती मान्यही झाली: एकाही झाडाला हात लावण्याआधी ती तपासावीत. उद्यान खात्यानं एक तरुण इंजिनियर पाठवला. अध्यक्ष त्याला रांगेकडे घेऊन निघाले, तेवढ्यात मेट्रनबाई म्हणाल्या, "साहेब, तपासायचीच तर सगळी तपासा. हा शिरीषसुद्धा. वॉर्डात लाडका पेशंट म्हणून कुणाला राउंडमधून वगळत नाहीत."

"त्याची गरज नाही, तो धडधाकट आहे," अध्यक्ष हसून म्हणाले.

"मग तपासायला काय हरकत?"

तपासणी झाली त्या दिवशी सूनबाई लॅबमधून लवकर सुटली होती. फाटकापाशी ती पोचली तेव्हा इंजिनियर शिरीषाच्या बुंध्याशी गुडघ्यावर बसून लाकडी हातोडीनं ठोकत होता. रांगेतल्या झाडांवर ठोकलं की भरीव, आखूड आवाज येत होता. इथं मात्र रिकाम्या पिंपासारखा घुमला. त्यानं बारीक सळई आत घातली, तर ती लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि बाहेर आली ती तपकिरी भुसा घेऊन. मुळाशी पंख्याच्या आकाराची बुरशी धरली होती. वरून मोत्यासारखा आणि आतून पोकळ झालेला दात सूनबाईच्या रोजच्या ओळखीचा होता. पण तो एकट्याच्या तोंडात असतो, त्याच्याखाली पोरं झोके घेत नाहीत.

"रांगेतली सगळी उत्तम आहेत," इंजिनियर कपडे झटकत म्हणाला. "हा मात्र गेलेला आहे. कधी पडेल सांगता येणार नाही. उद्या, नाहीतर चार वर्षांनी."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, तुम्हाला काम दिलंय ते रांगेचं. शिरीषाचं खात्यानं विचारलेलंच नाही."

इंजिनियर घुटमळला. "तसं पाहिलं तर नाही विचारलेलं."

"झालं तर मग. एक झाड पोकळ निघालं असं कळलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. पार्किंगचा कंत्राटदार म्हणेल, बघा, झाडं धोक्याचीच आहेत, काढा सगळी. आधी रांग वाचवू, मग याचं बघू."

सूनबाईला ते पटलं, अगदी मनापासून पटलं. आणि गंमत म्हणजे, ती स्वतः रांग तोडण्याच्या बाजूनं सही केलेली! तिनं सासूकडे पाहिलं. मेट्रनबाई शिरीषाच्या खोडावर हात ठेवून उभ्या होत्या. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"सभेत मी सांगणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही सांगितलं तरी."

"बाई, लोक तुमच्यावर उलटतील."

"उलटू देत. नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची वेळ आली की डॉक्टर मलाच पुढं करायचे. त्या वेळी मी कुणाला खोटा धीर दिला नाही. आता म्हातारपणी सुरुवात करू?"

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. नगरपालिकेच्या मोठ्या साहेबबाई आल्या होत्या, शेजारी तो इंजिनियर. एका बाजूला फलकवाले, दुसऱ्या बाजूला पार्किंगवाले. सूनबाई दाराशी उभी, कारण कुठल्या बाजूला बसावं ते तिला ठरवता येईना. अध्यक्षांचं भाषण संपता संपेना. शेवटी मेट्रनबाई उठल्या, आणि हॉल आपोआप गप्प झाला.

"रांगेतली झाडं निरोगी आहेत. ती तोडायला कारण नाही," त्या म्हणाल्या. "पण फलकावर जो शिरीष काढलाय, तो आतून कुजलाय. तो पडायच्या आत उतरवायला हवा."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एकच गलका झाला. कुणी म्हणालं, हिला विकत घेतलं. कुणी म्हणालं, वय झालं. अध्यक्ष ताडकन उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते खोटं नाही!"

घरात सूनबाई रोज या बाईशी भांडायची, पण दुसऱ्या कुणी सासूला असं बोलावं हे तिला सोसेना. मेट्रनबाई मात्र तशाच उभ्या. चिडल्या नाहीत, आवाज चढवला नाही, खालीही बसल्या नाहीत. पेशंटच्या घरच्यांचा आकांत ओसरायची वाट पाहत त्या कितीदा अशा उभ्या राहिल्या असतील, हे सूनबाईला त्या क्षणी जाणवलं. गलका दमला. आणि मागच्या ओळीतून, कडेवर मूल असलेल्या एका बाईनं विचारलं, "म्हणजे... झोके आहेत त्याच झाडाखाली?"

"त्याच."

फलक एकेक करून खाली आले.

मोठ्या साहेबबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे झाड तोडा असं रहिवासीच म्हणताहेत?"

"एक. हे एकच. बाकी रांगेला हात लावायचा नाही. आणि याची मुळं मधे येतात म्हणून मागचं फाटक आजवर रुंद करता आलं नाही, तेही आता करा. मास्टरांची खुर्ची सरळ आत गेली पाहिजे."

भिंतीशी बसलेले मास्टर खाकरले. "साहेब, बागेतल्या बाकांवर बसणाऱ्यांच्या विजारी मी शिवतो. बाक कसा असतो ते मात्र पाय गेल्यापासून मी पाहिलेलं नाही."

सगळा हॉल हसला. साहेबबाईसुद्धा.

पार्किंगवाल्यांपैकी एकजण उठला आणि आमच्या सह्यांचं काय म्हणाला. तेव्हा आपले पाय कधी पुढं गेले ते सूनबाईला समजलं नाही.

"त्यांत माझीपण सही आहे," ती म्हणाली. "मला गाडीला जागा अजूनही हवीय, खोटं कशाला बोलू? पण धडधाकट झाडं पाडून आणि मास्टरांची वाट बंद करून नको. बाजाराच्या मागं मैदान पडलंय, तिथं करा. मी चालत येईन."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग त्या खाली बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. सूनबाई जाऊन त्या खुर्चीवर बसली.

पुढं सगळंच मनासारखं झालं असं नाही. वळणावर बस वळावी म्हणून रांगेच्या टोकाची दोन झाडं गेलीच. पण बाकीची रांग राहिली. इंजिनियर नंतर म्हणाला की मोठ्या साहेबबाईंनी कचेरीत एवढंच सांगितलं: जी बाई स्वतःहून एक झाड तोडा म्हणते, ती बाकीची निरोगी आहेत म्हणाली तर मी विश्वास ठेवते. अध्यक्ष मात्र मेट्रनबाईंशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. समोरून आले की आकाशात ढग बघत जायचे.

शिरीष उतरवायचा त्या सकाळी मेट्रनबाई खुर्ची घेऊन फाटकापाशी जाऊन बसल्या. सूनबाईनं लॅबमध्ये उशिरा येते म्हणून कळवलं आणि त्यांच्याजवळ उभी राहिली. माणसं दोर लावून एकेक फांदी खाली सोडत होती.

"रात्रपाळी संपली की मी थेट घरी येत नसे," मेट्रनबाई अचानक म्हणाल्या. "आधी इथं बसायची. बूट काढून. घरात पाऊल टाकलं की परत कामच असायचं ना. एवढाच वेळ माझा. कुणाला कधी सांगितलं नाही."

गल्लीत त्या झाडावर सर्वांत जास्त जीव कुणाचा होता, ते सूनबाईला आत्ता कळत होतं.

"आई, मग तुम्हीच कसं सांगितलंत?"

"माझंच होतं, म्हणून तर मी सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मीही भांडलेच असते त्याच्याशी."

बुंधा कापला तेव्हा आतली पोकळी एवढी होती की त्यात दोन पोरं लपून बसावीत. बघ्यांत अध्यक्षही होते. ते पुढं आले, पोकळीत डोकावले. मग मेट्रनबाईंच्या खुर्चीशी येऊन म्हणाले, "ऊन लागतंय तुम्हाला." आणि स्वतःची छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. काम संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शांतता असावी.

नव्या फाटकातून सपाट, रुंद वाट आत गेली. ती खुली झाली त्या दिवशी मास्टर सकाळीच आत शिरले. रांगेच्या सावलीतून त्यांनी एक चक्कर मारली, मग दुसरी. दुपार झाली तरी दुकानाला कुलूपच. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका दारात खोळंबल्या होत्या. शेवटी त्यांची बायको कमरेवर हात ठेवून फाटकात येऊन उभी राहिली.

"अहो, घरी यायचा विचार आहे की नाही?"

मास्टर एका बाकाशेजारी खुर्ची लावून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तू ये ना आत," ते म्हणाले. "रस्ता मोकळा आहे."