आधी खोट सांगा

अण्णा गेल्यापासून प्रीती मगदूमच्या जाहिराती बिघडत चालल्या होत्या. कराडच्या एका छोट्या कंपनीत ती जाहिरातींचा मजकूर लिहायची, आणि बारा वर्षांत तिच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. पण या वर्षात तिनं पाण्याच्या मोटरीच्या जाहिरातीत लिहिलं, ‘चांगली मोटर आहे. एक दिवस बंद पडेलच.’ प्लॉटच्या जाहिरातीत लिहिलं, ‘इथून डोंगर दिसतो. डोंगराला त्याचं काही नाही.’

मालक विश्वजित तिच्याहून आठ वर्षांनी लहान होता आणि तिला मॅडम म्हणायचा. त्यानं दोन्ही कागद पुढ्यात ठेवले.

“मॅडम, यात खोटं काहीच नाही. पण मोटर घ्यायला आलेल्या माणसाला आपण मोटर द्यायची. वैराग्य नाही द्यायचं.”

मग त्यानं तिला मोबाइलवर एक पुस्तिका पाठवली. ‘उत्तम कॉपीरायटर होण्यासाठी तीस सराव’. ती कुणीतरी घाईघाईनं इंग्रजीवरून मराठीत आणलेली होती. गिऱ्हाइकाला तिच्यात सगळीकडं ‘प्रिय लक्ष्य’ म्हटलं होतं. आठ दिवस रजा घ्या, घरी जा, हे सराव करा आणि मगच या, असं विश्वजितनं सांगितलं. रजा ती तशीही मागणारच होती. वडिलांना, अण्णांना, जाऊन वर्ष होत आलं होतं.

गावी पोचून तिनं पाय धुतले न धुतले तोवर आई म्हणाली, “फ्लेक्सवाला बाळासो दोनदा येऊन गेला. जैन बस्तीसमोरच्या चौकात अण्णांचा बोर्ड लावायचा म्हणतोय. मजकूर तू लिही.”

“त्याच्याकडं तयार असतो की मजकूर. फोटो बदलला की झालं.”

“म्हणून तर तू लिही.” आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. “त्यांच्याविषयी एक तरी खरं वाक्य पाहिजे. प्रेमळ, मनमिळाऊ असलं काही छापून आलं तर मी चौकातनं जायची नाही. जमत नसलं तर सांग, बोर्डच नको.”

जमत नव्हतं, हीच तर गोष्ट होती. वर्षभरात भेटायला आलेल्या शंभर माणसांपुढं प्रीतीनं मान हलवली होती, पण वडिलांविषयी स्वतःहून एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. लोकांच्या मोटरी, पाइप, प्लॉट आणि क्लासेस यांच्याविषयी तिला रोज वीस वाक्यं सुचत. अण्णांविषयी लिहायला बसली की कागद कोराच राहायचा. शेवटी तिला वाटलं, सराव तर करायचेच आहेत. जिथं ‘वस्तू’ लिहिलंय तिथं अण्णा धरू.

पहिला सराव होता एकाच वस्तूचे पंचवीस मथळे लिहिण्याचा. अकराव्या मथळ्यावर आई खांद्यावरून वाकून वाचू लागली.

“‘अण्णा. आता फक्त आठवणीत.’ हे मलमाचं वाटतंय.”

“आणि हा?”

“हा तेलाचा.”

तिसरा सराव : मजकूर निम्मा करा, उरलेला पुन्हा निम्मा करा, मजकूर ओरडायचा थांबेपर्यंत करा. संध्याकाळपर्यंत कागदावर फक्त अण्णांचं नाव उरलं, ‘रायगोंडा’. आई म्हणाली एवढं तर लाइटबिलावर पण असतं.

पाचवा सराव वस्तूच्या गुणांपुढं गिऱ्हाइकाचा फायदा लिहिण्याचा होता. तो मायलेकींनी मिळून केला. उंची पाच फूट तीन इंच. फायदा, फडताळातल्या वरच्या डब्यातले लाडू आठ दिवस टिकतात. आवाज मोठा, फायदा, रानातनं हाक मारली तर चहा घरी उकळायला लागतो. अक्षर बारीक. त्याचा फायदा आईनं शोधला.

“यादीत चार पिशव्यांचं सामान बसायचं,” ती म्हणाली, आणि लगेच, “हा फायदा दुकानदाराचा झाला. खोड.”

आठवा सराव प्रीतीला फार आवडला. ‘जे शब्द तुमच्याआधी हजार जणांनी वापरले आहेत ते सर्व खोडा.’ तिनं हिशेबी माणसासारखं एकेक खोडलं. भावपूर्ण गेलं, श्रद्धांजली गेली, कैलासवासी गेलं, प्रथम पुण्यस्मरण गेलं, शोकाकुल आणि समस्त परिवार गेले. कागद एकदम हवेशीर झाला. काय काय गेलं याकडं तिनं नीट पाहिलं नाही.

आणि अकरावा सराव म्हणाला, ‘आधी खोट सांगा. जो स्वतःची खोट सांगतो त्यावर प्रिय लक्ष्य विश्वास ठेवते. पाच गिऱ्हाइकांना विचारा.’

पहिलं गिऱ्हाईक शेजारची बनुबाई. ती शेळीला पाला टाकत होती.

“मावशी, अण्णांची खोट काय होती?”

बनुबाईनं इतकासुद्धा वेळ घेतला नाही. “लाइटी बंद करायचा. सोताच्या घरातल्या कर की बाबा. माज्या घरात येऊन बंद करून जायचा. मी आत जेवतीया, आन् ह्यो भाईरनं बटन दाबून चालला.”

“अजून?”

“अजून कशाला? एवढी लय झाली. तीस वर्सं आंधारात जेवली मी.”

दूध संस्थेत पृथ्वीराज चौगुले होता. आलेली लग्नपत्रिका अण्णा लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवत, आणि त्याच्या बहिणीच्या पत्रिकेत सतरा चुका काढल्या होत्या हे तो अजून विसरला नव्हता. “लग्नाला आले ते आले, वर भटजींना म्हणाले, मंगलाष्टकात एक मात्रा कमी पडते.” एसटी थांब्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं, गाडीच्या आधी तासभर येऊन बसायचे आणि गाडी वेळेवर आली तर नाराज व्हायचे. चौथ्यानं सांगितलं, दिवसभर बोलायचे, तेही मोठ्यानं, समोर कोण असो-नसो.

पाचवं गिऱ्हाईक आई.

“कधी छान म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “भाजी छान झाली, साडी छान आहे, काही नाही. खायचे आणि ताट पुढं करायचे. आता तुझं तू बघ, ही खोट धरायची का नाही.”

प्रीतीनं धरली. त्या पाच ओळी कागदावर उतरल्या तेव्हा वर्षात पहिल्यांदा तिला आपण लिहिलेलं पुन्हा वाचावंसं वाटलं.

बाळासोचं फ्लेक्सचं दुकान म्हणजे पत्र्याचा गाळा. वाढदिवस, दशक्रिया, भावी सरपंच, म्हशींचं खाद्य, सगळं एकाच संगणकातून बाहेर पडायचं. त्यानं मजकूर वाचला, मान खाजवली.

“ताई, हे आसंच छापायचं?”

“असंच.”

“फुलं टाकू? दिवा? हात जोडलेलं?”

“काही नको. फोटो आणि ह्या पाच ओळी.”

“तुमी शिकलेल्या. मला काय,” म्हणत बाळासोनं पाच ओळी बसवल्या आणि प्रीतीला तपासायला दिल्या. तिनं तीन वेळा वाचलं. वेलांटी तपासली, उकार तपासले, ओळींमधलं अंतर मोजलं. खालच्या पट्टीवर ‘संपर्क’ असं लिहून तिचा मोबाइल नंबर होता. बाळासोच्या सगळ्याच बोर्डांना खाली ती पट्टी असायची. आणि ज्या बाईनं बारा वर्षांत बिननंबरची एकही जाहिरात पाहिली नव्हती, तिला तो नंबर खटकला नाही. उलट एक आकडा पुसट होता तो तिनं ठळक करायला सांगितला.

सकाळी बोर्ड चढला. वर अण्णांचा फोटो, चष्म्यातून सरळ बघणारा. खाली :

रायगोंडा मगदूम.
दिवसभर मोठ्यानं बोलतात.
दुसऱ्याच्या घरातले दिवे बंद करतात.
लग्नपत्रिका दुरुस्त करून देतात.
एसटीच्या तासभर आधी हजर.
छान म्हणत नाहीत.
संपर्क : आणि नंबर.

‘बोलायचे’ ऐवजी ‘बोलतात’ हे तेराव्या सरावामुळं झालं होतं. वर्तमानकाळ वापरा, म्हणजे वस्तू समोर असल्यासारखी वाटते.

पहिला फोन साडेनऊला आला, कडेगावहून. कुणीतरी बोर्डाचा फोटो पुढं धाडला होता.

“पत्रिका दुरुस्त करनारं मगदूम हायत का? आमच्या तीनशे छापून आल्यात आन् नवरीचं नाव सृष्टीच्या जागी वृष्टी पडलंय.”

“ते गेले,” प्रीती म्हणाली.

“आसं? मग आले की फोन करायला सांगा. लय अर्जंट हाय.”

तिनं निरोप लिहून घेतला. दुसरा फोन एका वसतिगृहाच्या बाईंचा. रात्रभर दिवे चालू राहतात, मुली ऐकत नाहीत, गृहस्थ कायम राहायला येतील का. तिसरा कुणी सासरा होता. सुनेच्या हातच्या स्वयंपाकाला सगळे छान छान म्हणतात, एक तरी माणूस आपल्या बाजूनं पाहिजे. प्रत्येकाला प्रीतीनं सांगितलं, “ते गेले.” प्रत्येकानं विचारलं, “कवा येत्यात?” दुपारपर्यंत तिच्याकडं सहा जणांचे निरोप जमले होते आणि ती ते वहीत उतरवून घेत होती. एवढं झालं तरी नंबर पुसून टाकावा हे तिला सुचलं नाही. फोन आला की ती धावत जाऊन उचलायची. दिवसभर कुणी ना कुणी अण्णा आहेत का म्हणून विचारत होतं.

तीनच्या सुमाराला फोन न करता माणूसच आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. औंधाकडचा अर्जुना. मेंढरं घेऊन दरवर्षी खाली नदीकाठी यायचा. सध्या मेंढरांचा तळ चौगुल्यांच्या खोडव्यात, ऊस तुटलेल्या रानात, पडला होता.

“बोरड बघून आलू,” तो उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाला. “दिवसभर मोठ्यानं बोलत्यात त्ये हितंच ऱ्हात्यात न्हवं?”

आई आत तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबल्याचं प्रीतीला कळलं.

“काय काम होतं?”

“तळावर मानूस पायजे. लांडगा लय धीट झालाय. आमचा म्हातारा हुता तवा दिसभर वरडायचा, कुत्र्याला शिव्या, मेंढरास्नी शिव्या, मला तर इचारूच नगा. लांडगा फिरकायचा न्हाई. म्हातारा मेला आन् तळ गप झाला. मला एवढं बोलाय जमत न्हाई. काय बोलायचं तेच सुचत न्हाई.” त्यानं घोंगडं सारखं केलं. “ह्ये कसं बोलत्यात? दमत्यात का मधी?”

“दमत नाहीत,” प्रीती म्हणाली. “पण ते गेले.”

“कुठशी?”

“गेले म्हणजे…”

“येतील तवर बसतू. मला घाई न्हाई.” आणि अर्जुना खरंच पायरीवर बसला. पटका काढून मांडीवर ठेवला.

प्रीती दारात उभी राहिली. याला काहीतरी सांगणं भाग होतं. हा बसला असता संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत. याच्या बसण्याला शेवट नव्हता. हजार जणांनी वापरलेले शब्द तिनं एकेक करून खोडले होते, त्यामुळं त्यांतला एकही हाताशी नव्हता. जो एक होता तो तिनं वर्षभर तोंडातून काढला नव्हता.

“माझे वडील वारले,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी. ते येणार नाहीत.”

अर्जुना उठला. हातातला पटका तसाच.

“आवं ताई, मग तसं लिवायचं की वर. एवढं सगळं लिवलंय, आन् मानूस मेलाय हेच न्हाई. लोक काय, येणारच.”

“राहिलं,” प्रीती म्हणाली.

आतून आई म्हणाली, “मी कालच कागदावर वाचलं होतं. म्हटलं, तिचं तिला दिसू दे.” मग जराशानं, “त्यांना बसा म्हणावं. चहा टाकते.”

चहा पिऊन दोघं चौकात गेली. बाळासोनं काळा ऑइलपेंट, ब्रश आणि शिडी दिली. नंबर खोडायचा का म्हणून विचारलं तर प्रीती नको म्हणाली. अर्जुनानं शिडी धरली. पाचव्या ओळीखाली टीचभर जागा होती. तिथं तिनं ‘वारले’ लिहिलं, आणि पुढं तारीख. ब्रश जाड होता, त्यामुळं हा एकच शब्द बाकीच्यांपेक्षा मोठा आला. बोलतात, करतात, देतात, म्हणत नाहीत, वारले. व्याकरणाला ते काही धरून नव्हतं.

“झालं?” अर्जुनानं खालून विचारलं.

“झालं.”

“मग आता त्ये दिसभर काय बोलायचं त्येवढं सांगा. मी पाठ करतू.”

ती शिडीवरून उतरत होती तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी मिरजेहून, बाई, जरा घाईत. मगदूम आहेत का?

“नाहीत. वारले,” प्रीती म्हणाली. “मी मुलगी. बोला, काय काम होतं?”