लीकशेजारी गाजर

मागच्या अंगणातला वाफा म्हणजे या घरात माझी म्हणावी अशी एकुलती एक जागा. स्वयंपाकघर सासूबाईंचं, बाहेरची खोली सासऱ्यांची आणि टीव्हीवर दिराचा ताबा. त्यात या धाकट्या दिराने नवी गाडी घेतली आणि त्याची नजर नेमकी माझ्या वाफ्यावर पडली. "वहिनी, तिथे फरशी टाकली की गाडी कशी ऐसपैस बसेल!" म्हणे. अरे, गाडी बसेल, पण मी कुठे बसू?

त्याला निमित्तही आयतंच मिळालं होतं. गेल्या वर्षी मी लावलेलं लीक पार सडलं. लीक कांद्याच्याच घराण्यातलं, पण त्याला गड्डा नसतो, नुसती लांब पांढरी दांडी. पतंग पानांवर अंडी घालतात आणि अळ्या पोखरत पोखरत आत शिरतात. सगळा वाफा उपटून फेकावा लागला. तेव्हाच सासऱ्यांनी निकाल दिला, "पुढच्या वर्षीही लीक गेलं, तर जागा धाकट्याची." सासऱ्यांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. त्यांचा शब्दही शिवणीसारखा, एकदा घातला की घातला.

मी बियाणांच्या दुकानातल्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "एकटं कशाला लावता? दोन ओळींच्या मधे गाजर पेरा. गाजराच्या वासाने लीकचे पतंग चकतात, लीकच्या वासाने गाजराची माशी फिरकत नाही. फक्त शेंगांचे वेल जवळ नकोत." चांगल्या शेजाराने अर्धं दुखणं हलकं होतं, हे काय मला कुणी शिकवायला हवं? मी पेरलं.

गाजरं वर आली आणि सासऱ्यांच्या कपाळावर आठ्या. "एका वाफ्यात एकच पीक असावं. ही कसली खिचडी?"

"बाबा, वाफा आहे, सदरा नाही," मी म्हटलं. ते मान हलवत आत गेले. मला वाटलं, जिंकले. कसलं काय!

एक दिवस कामावरून आले तर अर्ध्या वाफ्यातली गाजरं गायब. सासरे उकिडवे बसून, चुकलेली शिवण उसवावी तसं एकेक रोप निगुतीने उपटत होते. "उरलेलंही आत्ता साफ करून देतो," म्हणाले. वर शाबासकीची अपेक्षा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उठा! आधी उठा तिथून!" मी अशी ओरडले की सासूबाई धावत बाहेर आल्या. लग्न झाल्यापासून सासऱ्यांपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. सासरे हात झटकून आत गेले आणि आमचं बोलणं बंद झालं. बोलणार तरी काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ! उरलेला अर्धा वाफा मात्र मी डोळ्यांत तेल घालून जपला. दांड्या पांढऱ्या राहाव्यात म्हणून माती चढवायची, तीही गाजरं दबू नयेत म्हणून मुठीमुठीने.

काढणीच्या दिवशी दीर थेट फरशीवाल्यालाच घेऊन हजर. सासरे कुदळ घेऊन स्वतः साफ केलेल्या बाजूला गेले. पहिलं लीक उपटलं, आत अळ्या. पुढचं तसंच, त्याच्या पुढचंही. लिबलिबीत, नाक दाबून धरावं असा वास.

"झालं की मग, वहिनी," दीर हसू दाबत म्हणाला.

"थांब जरा." मी माझ्या बाजूचं एक उपटलं. मनगटाएवढं जाड, पांढरंशुभ्र. सगळ्यांसमोर उभं चिरलं, एक भोक नाही. अख्खी ओळ तशीच, आणि मधली गाजरंही बिनडागाची, लालबुंद. अगं बाई, मला नाचावंसं वाटलं! नाचलेही थोडीशी, फरशीवाल्यासमोर.

सासरे दोन्ही ढिगांकडे बघत राहिले. मग दिराला म्हणाले, "गाडी रस्त्यावर लाव."

"पण बाबा, अर्धं सडलंय ना!"

"सडलं ते माझ्या शहाणपणाने. तिचं काही गेलेलं नाही."

फरशीवाल्याने काढता पाय घेतला. सासरे माझ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी कशाशेजारी काय लावायचं?"

"मी सांगेन ते," मी म्हटलं. "आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

सासूबाईंनी श्वास रोखला.

"बरं," सासरे म्हणाले.

या घरात आल्यापासून मला मिळालेलं ते पहिलं 'बरं' होतं.