पेटीतला धवला

पेटीचा दिवा हिरवा होता, पण टीव्हीच्या लेखी ती घरातच नव्हती.

मितेश टीव्हीच्या मागे वाकून बसला होता. एक वायर दातात, दुसरी हातात. "मी फक्त रात्री अपडेट टाकला," हे तो सकाळपासून सांगत होता. आधी बायकोला, मग मला, मग फोनवर कंपनीच्या माणसाला हिंदीत. माझ्या मुलाचा आवाज असा केविलवाणा झालेला मी त्याच्या दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच ऐकला.

पेटी हे नाव माझं. तो तिला नास म्हणतो. जेवणाच्या डब्याएवढं काळं यंत्र, देव्हाऱ्याखालच्या फळीवर राउटरच्या शेजारी ठेवलेलं. घरातले सगळे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, दारावरच्या कॅमेऱ्यात दिसलेलं सगळं त्यात साठतं. आणि त्यातच माझे धवले आहेत, मी म्हटलेली लग्नातली गाणी. मितेशच्या वडिलांनी, जयदेवांनी, ते टेपरेकॉर्डरवर भरून घेतले होते. मितेशने ते पेटीत उतरवले आणि कॅसेटा भंगारात दिल्या. दुपारी घरात कुणी नसलं की मी टीव्हीवर ते लावायचे. धवल्यांसाठी नाही. पहिल्या धवल्याच्या आधी टेप खरखरते आणि जयदेव म्हणतात, "हं, बोल गो आता, पुतले." तेवढ्यासाठी.

"सगला गेला का रं?" मी विचारलं.

"नाही गं आये. आत सगळं आहे. फक्त पेटीचा पत्ता बदललाय. अपडेटनंतर तिने राउटरकडून नवा पत्ता घेतला आणि टीव्ही जुन्याच दारावर थापा मारतोय."

हे मला लगेच समजलं. आमच्या सानपाड्याच्या घराचंही असंच झालं होतं. शेतं गेली, मिठागरं गेली, सेक्टर आले, आणि माहेरची माणसं कितीतरी दिवस जुन्या बांधावर उभी राहून आमचं घर शोधायची.

मितेशने राउटर बंद केला, थांबला, चालू केला. मग पेटी बंद केली, चालू केली. मग वायर बदलली. मग कंपनीच्या माणसाने सांगितलं की नव्या अपडेटने सुरक्षेसाठी जुन्या पद्धतीची बोलणी बंद केलीत आणि आमचा टीव्ही जुनी बोलीच बोलतो. तेव्हा त्याने लॅपटॉपवर बराच वेळ काहीतरी खटाटोप केला आणि एकदम टीव्हीवर आमच्या घरातली सगळी माणसं उगवली. सून भावनाने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का? मग आंघोळ करून घे."

"घरातलं झालं. बाहेरून येणारा रस्ता अजून बंद आहे."

"बाहेरून कोन येतंय आपल्या पेटीत?" मी म्हटलं.

"कुणी नाही. ऑफिसचं," तो म्हणाला आणि इंटरनेटवाल्याची वायर बघायला गच्चीवर गेला. फोन सोफ्यावर राहिला. लगेच वाजला. थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला.

"मितेश, अरं काय झालं रं?" बाईचा आवाज, मागे भांडी आणि पोरांचा गलका. "तुजी ती लिंक लागत नाय. नुसती चकरी फिरतंय. पोरीला पाटावर बसवायची हाय, धवलं कवा लागतील?"

"कोन बोलतंय?"

"मी भिमाबाय, कराव्याशी. देवजीची आय. तू भावना का?"

"मी पुतला. त्याची आय."



"पुतले? तुना बोलता येतंय?"

"मना काय झालंय न बोलायला?"

"अगो, मितेश बोलला, तुजा आवाज गेला. घशाचा दुखना झाला, आता गाता येत नाय. म्हनून तर त्यानं टेप दिली. आमी सगली जना तीच लावताव. तुर्भ्याला, शिरवन्याला, सगलीकरं. तुजाच आवाज हाय, म्हनून बरा वाटतंय."

मी सोफ्यावर बसले.

धवला म्हणजे काय हे आता आमच्याच पोरांना सांगावं लागतं. आगरी लग्नात हळद लागण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. ते म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी असो नसो, ती लागते. माझी सासू धवलारीण होती. तिच्यामागे मी. खाडीच्या या अंगाच्या गावांतून मला बोलावणी यायची. पामबीचचा रस्ता नव्हता तेव्हा बांधावरून चालत जायचे, चिखलाने लुगडं जड व्हायचं. परतताना ओटीत तांदूळ, नारळ आणि नवी साडी. सासूने मला एक अट घातली होती, धवला दिव्यासमोर आणि नवरीसमोरच म्हणायचा. आणि त्यात नावं हवीत. नवरीचं, बापाचं, आजाचं, गावाचं. नावं नसतील तर ती नुसती चाल. ती कुणालाही लागू होईल, आणि कुणालाच लागणार नाही.

म्हणून जयदेवांनी टेप आणली तेव्हा मी नको म्हटलं होतं. "घराच्या भाईर जानार नाय, शपथ," ते म्हणाले होते. "मी मागं एकटा राहिलाव तर आयकायला." मागे मी राहिले. मी दिवा लावला आणि मितेशचं लग्न ठरलेलंच होतं म्हणून त्याचं आणि भावनाचं नाव घालून सगळे धवले म्हटले.

पुढे ते गेले, आणि पुढे हळूहळू बोलावणी थांबली. मी मितेशला विचारायचे, अमक्याच्या घरी लग्न आहे ना, मला कसं नाही बोलावलं? तो म्हणायचा, "आये, आता धवले कुणाला हवेत? डीजे लावतात. लोकांना कंटाळा येतो." रिसेप्शनला तो मला गाडीतून न्यायचा, हॉलमध्ये पंख्याखाली बसवायचा, लवकर घरी आणायचा. हळदीला कधी नेलं नाही. रिसेप्शनला बायका मला भेटायच्या, हात हातात घ्यायच्या, गळ्याकडे बघायच्या, आणि बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, ओशाळल्यात. परंपरा सोडली म्हणून ओशाळल्यात. मी त्यांना मनातल्या मनात माफ करत आले होते.

"आनि नावा?" मी भिमाबाईला विचारलं. "टेपमदं तर मितेशची नावा हान."

"नाव आला का पोरा मदीच ढोल-बेंजो वाजवतान. कोनाला आयकू येत नाय." ती हसली. मग हसणं तिचं तिलाच खटकलं असावं. "पुतले, तू बरी हायेस तर ये ना गो. आता ये. रिक्षा धारू का?"

मितेश गच्चीवरून उतरला तेव्हा फोन माझ्या मांडीवर होता. त्याने आधी फोन बघितला, मग माझं तोंड.

"कराव्याची भिमाबाय," मी म्हटलं. "लिंक लागत नाय तुजी."

"आये, ऐक ना."

"आयकतंय."

भावना हात पुसत बाहेर आली होती. भिमाबाईचा आवाज आतपर्यंत येत होता, तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे या पट्ट्यातल्या सगळ्या पोरी तुझ्या नावाने हळद लावून घेतात?" ती नवऱ्याला म्हणाली. "मला तरी सांगायचंस. मी आहेर घेऊन गेले असते." मितेश हसला. एकटाच.

"तुझे गुडघे बघ," तो मग म्हणाला. "कधीही बोलवायचे, तासन्‌तास जमिनीवर बसवायचे. आणि ते तांदूळ, ती साडी पदरात घेऊन तू गेटवर उतरायचीस. सोसायटीतले लोक बघायचे. एकाने विचारलं मला, आई कुठे कामाला जाते का?"

"तुना लाज वाटली."

"लाज नाही गं."

"मंग?"

तो राउटरकडे बघायला लागला, जणू उत्तर तिथून येणार होतं.

"मना सांगलंस, लोकांना धवला नको. लोकांना सांगलंस, माजा आवाज गेला. दोनीकरं येगला सांगलंस."

"त्याशिवाय त्यांनी टेप घेतलीच नसती," तो चिडून म्हणाला. "सारखे तुलाच मागायचे."

हे त्याने स्वतःची बाजू मांडायला सांगितलं. त्याला कळलंही नाही की त्याने मला काय दिलं आणि काय नेलं. इतक्या लग्नांत मी हवी होते. मी इथे टीव्हीसमोर बसून स्वतःला जुनी समजत होते.

मी आत जाऊन हिरवी साडी नेसले. आरशासमोर घसा खाकरून बघितला. भावना म्हणाली, मी येते बरोबर.

दारातून मी मागे वळले. "मितेश, पेटी आज बंद ठेव. भाईरची वाट उघरू नको. आज मी हाय."

"बरं."

"माज्याकरं बघून बोल."

त्याने बघितलं. "बरं, आये. बंद ठेवतो."

सीवूड्सच्या मॉलवरून रिक्षा वळली आणि कराव्याच्या गल्लीत शिरताच मांडवाची झालर दिसली. भिमाबाई दारात उभी होती. तिने माझा गळा चाचपला, खरंच, पोराला ताप आहे का बघतात तसा. मग गळ्यात पडली. "मेल्या मितेशला सांग, माज्या समोर येऊ नको," ती कानात म्हणाली.

बायकांनी जागा करून दिली. पाटासमोर मी तांदळाच्या पिठाने चौक काढला. रेघ ओळखीची होती, ती आपोआप वळत गेली. रुतिका, भिमाबाईची नात, पाटावर येऊन बसली. पिवळी साडी, हातात फोन. लिंक बंद पडली म्हणून कुणीतरी म्हातारी आणलीय एवढंच तिला माहीत असावं.

पहिली ओळ फाटकी निघाली. मागे कुणीतरी पोरगा फिसकन हसला आणि त्याच्या पाठीत धपाटा बसल्याचंही ऐकू आलं. मी थांबले, खालच्या पट्टीत परत धरली. दुसरी ओळ बरी गेली. तिसऱ्या ओळीला भिमाबाईने मागून झील धरली, मग तिच्या शेजारणीने, मग आणखी दोघीतिघींनी. त्यांना ओळी येत होत्या. टेप ऐकून ऐकून का होईना, येत होत्या. हळद वाटणाऱ्या बायकांचा हात माझ्या चालीवर फिरायला लागला. कुणाची वाटी सांडली तर मी ओळ परत घेतली, तिची वाटी भरेपर्यंत. टेप कुणासाठी थांबत नाही.

मग नावं आली. आजाचं घेतलं, भिमाबाईने पदर डोळ्याला लावला. बापाचं, देवजीचं घेतलं. आणि मग म्हटलं, रुतिका बाय.

पोरीने फोनवरून मान वर केली. कुणी नाव घेऊन हाक मारावी तशी. फोन तिने पालथा करून बाजूला ठेवला.

त्याच वेळी देवजी मांडवाच्या कडेला फोनवर बोलत होता. "झालं? बरं, बरं. लावतो लगेच." तो बायकांतून वाट काढत माझ्यापाशी आला. कपाळावर घाम, चेहऱ्यावर मोठी सुटका. "काकी, लागली लिंक! मितेशने चालू करून दिली. आता तुमी दमू नका. बसा निवांत, चाय सांगतो."

मी भावनाकडे पाहिलं. तिचाही फोन वाजला होता. तिने काही न बोलता तो माझ्यासमोर धरला. मितेशचा निरोप होता. आईचा आवाज मध्येच बसला तर चारचौघांत फजिती नको. चालू ठेवलंय.

"देवजी, नको रं," भिमाबाई ओरडली, पण तो तोवर स्पीकरपाशी पोचला होता.

स्पीकर खरखरला. मग साऱ्या मांडवात, हळदीच्या वाट्यांवर, खुर्च्यांवर, बेंजोवाल्या पोरांच्या डोक्यांवर जयदेवांचा आवाज पडला.

"हं, बोल गो आता, पुतले."

मी गप्प बसले.

मग टेपमधली ती बाई गायला लागली. भरलेल्या छातीची, न थांबणारी. बायका क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग एकेक करून त्या मोठ्या आवाजाच्या चालीवर हळद लावू लागल्या. दुसरं करणार काय? विधी अर्ध्यावर सोडता येत नाही. भिमाबाई तेवढी हात मांडीत घेऊन बसून राहिली. माझ्या बोटांना तांदळाचं पीठ होतं. ते मी पदराला पुसलं नाही.

नावाची ओळ जवळ आली हे पोरांना सवयीने ठाऊक होतं. त्यांनी ढोलाच्या काठ्या उचलल्या. स्पीकरमधली बाई मितेशचं नाव घ्यायला लागली आणि ढोल-बेंजो असा कडाडला की मांडवाचं कापड थरथरलं.

मी गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकले, रुतिकाच्या हळदीच्या गालापाशी तोंड नेलं, आणि त्या गोंगाटात तिच्या एकटीच्या कानात तिचं नाव म्हटलं. चालीत, जसं म्हणायचं असतं तसं.