बसतो की

"अजून आडवाच?" थोरलीनं बाबागाडीत डोकावून विचारलं. "आमचा सहाव्या महिन्यातच टुणकन बसला होता. हो ना, आई?" तिनं सासूबाईंकडं पाहिलं.

धाकटीच्या हातातली इस्त्री थबकली. घरबसल्या ती लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. एका पायानं शेजारची बाबागाडी हलवत तिचा दिवस जायचा. गाडी मुळात थोरल्या जावेची. तिला पुन्हा दिवस गेले होते, म्हणून गाडीवरची, बाळाला आडवं झोपवायची पेटी परत न्यायला ती आली होती. बसायची सीट तेवढी ठेवून जाणार होती. धाकटीच्या लेकाला नववा सरला होता.

दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, "महिन्यांकडे बघू नका. मान धरून, आधाराशिवाय बसला की मगच सीट. तोवर आडवाच राहू दे. आणि मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवाच." ते दाखवणं धाकटी आज-उद्यावर ढकलत आली होती.

"बसतो की," ती म्हणाली. "कालच बसला."

"मग बसव बघू," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीनं लेकाला उचललं, तोवर थोरलीनं पेटी काढून सीट खटकन अडकवलीसुद्धा. धाकटीनं त्याला बसवलं, पट्टे लावले, दोन्ही बाजूंना टॉवेल कोंबले. हात काढला मात्र, त्याची मान पुढं पडली. हनुवटी छातीला टेकली आणि श्वास घरघरायला लागला.

"अगं बाई, हे तर पिठाचं पोतं!" सासूबाई हसल्या. थोरलीही हसली, पण लगेच पोटावर हात ठेवून गप्प झाली.

धाकटीनं त्याला उचलायला हवं होतं. तिनं त्याच्या गालावर चापट मारली.

"नाटकं करतोय मेला! बस सरळ. बस म्हणते ना!"

तो रडलाही नाही. तिनं पट्टा आणखी आवळला.

थोरली पेटी घेऊन जिना उतरली, तेव्हा कुठं धाकटीनं पट्टे सोडले. लेकाच्या खांद्यांवर लाल वळ उठले होते. त्यावर फुंकर घालतानाही ती पुटपुटत होती, "लाज आणलीस. लाज आणलीस मला."

संध्याकाळी नवरा कामावरून आला. सासूबाई दारातच म्हणाल्या, "तुझा लेक बसायला लागला म्हणे! फिरवून आण गल्लीतून. लोकांनाही दिसू दे."

आईच्या आवाजातली खोच त्याला कळली. त्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं इस्त्रीवरची नजर उचलली नाही.

"बसतो ना?" त्यानं हळूच विचारलं.

"बसतो की."

त्यानं लेकाला सीटमध्ये ठेवलं आणि गाडी खाली नेली.

धाकटी खिडकीशी गेली. नवरा एका हातानं गाडी ढकलत होता. कमरेत वाकून दुसऱ्या हाताचा तळवा त्यानं लेकाच्या कपाळाला लावून धरला होता. कुणी ओळखीचं भेटलं की तो थांबायचा, हसून दोन शब्द बोलायचा. हात मात्र काढत नव्हता.